शटर उघडं असतं तेव्हा

रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायला निघालेल्या माणसाचा बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो. चंद्र मावळायची वाट, ढग सरकायची वाट, आकाशगंगा डोंगराच्या वर यायची वाट, आणि शटर एकदा उघडलं की ते मिटेपर्यंतची वाट. दिवसा कॅमेरा सेकंदाच्या दोनशेव्या भागात काम उरकतो. रात्री त्याच कामाला पंधरा-वीस सेकंद लागतात, आणि ताऱ्यांच्या रेषा हव्या असतील तर तासभर. तेवढा वेळ आपल्याला करण्यासारखं काहीच उरत नाही. या छंदातून मिळणारी शांतता मला त्या रिकाम्या वेळातच सापडते. सुरुवातीला हात आपसूक खिशातल्या मोबाइलकडे जातो. तो तिकडे गेला नाही तर दहा-पंधरा फोटोंनंतर श्वासाची गती उतरते, खांदे सैल पडतात आणि मान वर जाते.

म्हणून या लेखात दोन गोष्टी बरोबरीने सांगतो आहे: फोटो कसा काढायचा, आणि तो निघत असताना त्या वेळाचं काय करायचं. एक मात्र आधीच स्पष्ट सांगायला हवं. मन बराच काळ खचलेलं असेल, झोप उडाली असेल, तर डॉक्टरांकडे जावं. आकाश हा त्याला पर्याय नाही. रोजच्या धावपळीत विस्कटलेल्या मनाला मात्र महिन्यातली एखादी अंधारी रात्र खूप काही देऊन जाते.

कॅमेऱ्याच्या आधी आकाश शिकून घ्या. नक्षत्रांची नावं आपल्या घरात असतातच. मृग लागला की पेरणीची लगबग सुरू होते, हस्ताच्या पावसाची चर्चा होते. पण मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो, त्यामुळे जूनमध्ये ते नक्षत्र सूर्याच्या उजेडात बुडालेलं असतं. मृग पाहायचा तो थंडीत. डिसेंबरच्या मध्यावर संध्याकाळी साडेसात-आठला पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. एकाखाली एक असे तीन तारे क्षितिजावर चढताना दिसतात. खेड्यातली जुनी माणसं त्यांना तिकांडं म्हणतात. या तिघांची रेषा वर वाढवली की लालसर रोहिणी आणि तिच्यापुढे कृत्तिकांचा पुंजका लागतो. तीच रेषा खाली वाढवली की थोड्या वेळाने तिथे व्याध उगवतो, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. एवढ्या एका ओळखीवर अख्खा हिवाळा निभावतो. उन्हाळ्यासाठी वृश्चिक ओळखायला शिका. त्याच्या छातीतली तांबूस ज्येष्ठा आणि मागे वळलेली नांगी एकदा ओळखीची झाली की पुन्हा चुकत नाही. त्या नांगीच्या पूर्वेला, धनू राशीच्या दिशेने, आपल्या आकाशगंगेचा गाभा आहे, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर. स्टेलॅरियमसारखं ॲप यासाठी उत्तम आहे, पण त्याचा अभ्यास घरी करून निघा. मैदानावर स्क्रीन जितकी कमी उघडाल तितकं चांगलं.

आता रात्र कोणती निवडायची? भिंतीवरच्या दिनदर्शिकेएवढं सोयीचं साधन दुसरं नाही. वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, म्हणजे तोवरची रात्र तुमची. शुद्ध अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणजे पहाट तुमची. वद्य दशमीपासून शुद्ध चतुर्थीपर्यंत रात्रीचा बराच मोठा भाग अंधारा मिळतो. फक्त अमावास्याच हवी हा हट्ट मात्र नको. शुद्ध तृतीया-चतुर्थीची कोर पश्चिमेला असताना डोंगर, झाडं, पाणी यांच्यावर इतका हलका उजेड पडतो की फोटोतली जमीन नुसती काळी राहत नाही, आणि तारेही पुसले जात नाहीत. मला स्वतःला या रात्री सगळ्यात आवडतात.

महाराष्ट्रात मोसमाचं गणित थोडं अवघड आहे. आकाशगंगेचा गाभा सगळ्यात सोयीच्या वेळी वर असतो नेमका जून ते सप्टेंबर, आणि तेव्हा आपल्याकडे पाऊस. त्यामुळे त्याला गाठायचं ते पावसाळ्याच्या दोन्ही अंगांनी. फेब्रुवारीच्या अखेरीस तो पहाटे साडेतीन-चारला आग्नेयेला वर आलेला असतो, एप्रिलच्या मध्यावर मध्यरात्री, मेच्या अखेरीस रात्री दहाला. पण उन्हाळ्यात हवेत धूळ असते, सह्याद्रीच्या अंगाला राब भाजल्याचा धूर असतो, आणि कोकणात दमटपणा. पाऊस परतला की ऑक्टोबरमध्ये हवा धुऊन निघालेली असते. तेव्हा अंधार पडल्यावर नैर्ऋत्येला गाभा मावळतीकडे झुकलेला दिसतो. तास-दीड तासच मिळतो, पण आकाश असं स्वच्छ पुन्हा वर्षभर मिळत नाही. नोव्हेंबरात डोक्यावर देवयानी येते. अंधाऱ्या जागी नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखी दिसणारी ही दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. १३-१४ डिसेंबरला मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. आणि एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत, रात्री साडेनऊ-दहाला, दक्षिणेचं क्षितिज मोकळं असलेल्या जागेवरून त्रिशंकू दिसतो. पुण्याच्या अक्षांशावरून तो जेमतेम अकरा-बारा अंश वर येतो. युरोपातल्या कुठल्याही छायाचित्रकाराला तो घरबसल्या मिळणार नाही, आपल्याला मिळतो.

जागेबद्दल माझं मत ठाम आहे. प्रसिद्ध जागांच्या मागे धावू नका. भंडारदऱ्याचा परिसर, कासचं पठार, लोणार ही ठिकाणं सुंदर आहेतच, पण तुमच्या गावाजवळचं, मामाच्या शेताकडेचं, ओळखीच्या माणसाच्या वस्तीवरचं एखादं माळरान जास्त उपयोगाचं. तिथे तुम्ही वर्षभर पुन्हा पुन्हा जाऊ शकता, आणि हा छंद पुन्हा पुन्हा जाण्याचाच आहे. दिवसा जाऊन जागा पाहून या. दक्षिण कुठे, विहीर कुठे, कड्याची धार कुठे, कुणाच्या घराचा दिवा कुठल्या बाजूला, हे उजेडातच बघून ठेवायचं असतं. जमीन ज्याची असेल त्याला विचारा, गावात पोलीस पाटलांना सांगून ठेवा. वनखात्याच्या हद्दीत आणि अनेक किल्ल्यांवर रात्री थांबायला मनाई असते. तिथे परवानगी नसेल तर जाऊच नये. एकटे जाऊ नका. जुन्नर-अकोले पट्ट्यात उसाला लागून कॅमेरा मांडणं म्हणजे बिबट्याच्या वाटेत बसणं. पायात घोट्याच्या वर जाणारे बूट हवेत, गवतात पाय टाकण्याआधी टॉर्च टाका, आणि बॅग जमिनीवर उघडी ठेवू नका. घोणस आणि मण्यार दोन्ही रात्री फिरणारे साप आहेत. मे-जूनमध्ये काजव्यांच्या झाडांजवळ असाल तर टॉर्च आणि फ्लॅश पूर्ण बंद. काजवे एकमेकांना उजेडानेच शोधतात, आपला उजेड त्यांच्या मध्ये येतो. रात्रभर जागून लगेच गाडी चालवू नका. तिथेच झोपा, सकाळी चहा घेऊन निघा.

साहित्य फार लागत नाही. मॅन्युअल मोड असलेला कुठलाही डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, जुना घेतलेलाही चालेल, त्याच्याबरोबर मिळणारी १८-५५ची लेन्स, आणि एक न डगमगणारा ट्रायपॉड. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी ट्रायपॉडवर करा. वारा असेल तर त्याच्या मधल्या दांड्याला पाठपिशवी अडकवा. मोबाइलवरही सुरुवात होते: नाइट मोड लावा, मोबाइल दगडावर किंवा छोट्या स्टँडवर पक्का बसवा आणि टायमर वापरा. काही फोनमध्ये खास आकाशासाठीचा मोड असतो, तो मिनिटा-मिनिटांचे फोटो घेतो.

कॅमेऱ्यात फाइल रॉ ठेवा. मोड मॅन्युअल, लेन्स १८ मिमीवर, ॲपर्चर जितकं मोठं उघडेल तितकं, म्हणजे एफ ३.५ किंवा २.८. आयएसओ १६००पासून सुरू करा, गरजेनुसार ३२०० करा. व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद. शटर बोटाने दाबल्यावर कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. किती सेकंद ठेवायचं याला एक ढोबळ हिशेब आहे: ५००ला लेन्सच्या मिमीने भागायचं, आणि सेन्सर छोटा असेल तर त्या उत्तराला आणखी दीडने. १८ मिमीला साधारण अठरा सेकंद येतात. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे याहून जास्त वेळ ठेवलं तर तारे ठिपक्यांऐवजी छोट्या रेघा होतात. आजच्या जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांवर हा हिशेबही जरा सैल पडतो, म्हणून आलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांशच घ्यावं. १८ मिमीला बारा सेकंद.

सगळ्यात जास्त फोटो वाया जातात ते फोकसमुळे. अंधारात ऑटोफोकस चाचपडतो, आणि लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबता येत नाही. तेव्हा फोकस मॅन्युअलवर आणा आणि कॅमेरा एखाद्या ठळक ताऱ्याकडे वळवा. थंडीत व्याध, उन्हाळ्यात स्वाती किंवा अभिजित. लाइव्ह व्ह्यू चालू करून स्क्रीनवरचं चित्र दहापट मोठं करा. आधी वाटाण्याएवढा, कडा विरलेला, थरथरणारा गोळा दिसेल. फोकसची रिंग केसभर फिरवा. गोळा आवळत जातो, मोहरीएवढा होतो, आणि तो लहान होताना त्याच्या आजूबाजूला आतापर्यंत न दिसलेले बारीक तारे उमटू लागतात. आणखी फिरवलं की व्याध पुन्हा फुगतो आणि ते बारीक तारे विझतात. पुढे-मागे करत ते सगळ्यात जास्त दिसतील तिथे थांबा. मग रिंगवर चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका आणि पुढे झूमला हात लावू नका. या कामाला पाच मिनिटं लागली तर लागू द्या. सगळ्या रात्रीतली ही पाच मिनिटं मला फार प्रिय आहेत, कारण तेव्हा मनात दुसरं काही शिरायला जागाच नसते.

नोव्हेंबर ते जानेवारी दव पडतं. तासाभरात लेन्सची काच धुरकटते आणि कळतही नाही. लेन्सला हूड लावा, भोवती लोकरी मोजा गुंडाळा, त्यात हात शेकायची छोटी पाकिटं ठेवता आली तर उत्तम. दर अर्ध्या तासाने काचेवर तिरपा लाल उजेड टाकून बघा. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा, थंडीत ती लवकर उतरते.

आता या सगळ्याच्या आधीचं, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं: जागेवर पोहोचल्यावर पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच राहू द्या. डोळ्यांना अंधार पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एकदा मोबाइलचा पांढरा उजेड डोळ्यांत गेला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावा. अंधारात पाहणाऱ्या पेशींना लाल उजेड फारसा जाणवत नाही. चटई टाका, आडवे व्हा. पहिली पाच मिनिटं आकाशात साधेच तारे दिसतात. मग त्यांच्या मधले दिसू लागतात. मग मागचा पट्टा हळूहळू वर येतो. कृत्तिकांकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहा; अंधारात पाहणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यावर नसून कडेला असतात, त्यामुळे कडेने पाहिल्यावर पुंजक्यातले आणखी तारे उजळतात. कान उघडे ठेवा. टिटवी, रातवा, लांबच्या शेतावरचा पंप, कुठेतरी भुंकणारं कुत्रं. अंधार ज्यांना नवा आहे त्यांना या अर्ध्या तासात थोडी भीती वाटते. ती वाटू द्यावी. सोबत कुणीतरी आहे, जागा माहितीची आहे, एवढं पक्कं असलं की ती आपोआप उतरते.

मग कॅमेरा लावा, आणि शटर उघडल्यावर स्क्रीनकडे पाहत बसू नका. ज्या भागाचा फोटो निघतो आहे तोच भाग डोळ्यांनी पाहा. एखादी उल्का त्याच क्षणी गेली तर ती तुम्हीही पाहिलेली असावी. फोटो आल्यावर डोळ्यांनी पाहिलेलं आणि कॅमेऱ्याने पाहिलेलं ताडून बघा. मृगाच्या वरच्या अंगाचा काक्षी फोटोत स्पष्ट नारिंगी येतो आणि खालचा राजन्य निळसर पांढरा. काक्षीचा पृष्ठभाग साधारण साडेतीन हजार केल्विन, राजन्याचा बारा हजारांच्या आसपास. तापमान जितकं जास्त तितका रंग निळ्याकडे. नुसत्या डोळ्यांना हा फरक ओझरता जाणवतो. फोटो पाहून पुन्हा वर पाहिलं की तोच फरक आता डोळ्यांनाही दिसू लागतो. कॅमेरा असा डोळ्यांना शिकवतो, आणि मला या छंदातून मिळालेली खरी प्रेरणा ही आहे.

ताऱ्यांच्या वर्तुळांचा फोटो हवा असेल तर ध्रुवाकडे तोंड करा. ध्रुवाची उंची आपल्या अक्षांशाइतकी असते, पुण्यात सुमारे साडेअठरा अंश, म्हणजे एखादं देऊळ किंवा झाड त्याच्याखाली सहज बसतं. एकच तासभराचा फोटो काढण्यापेक्षा तीस-तीस सेकंदांचे शंभर-सव्वाशे फोटो सलग काढा आणि स्टारस्टॅक्ससारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये एकत्र करा. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन मात्र बंद हवं, नाहीतर रेषा तुटक येतात. एकदा मालिका सुरू झाली की तासभर तुम्ही मोकळे. डबा उघडा, गप्पा मारा किंवा गप्प बसा. आठवड्यातला तेवढा मोकळा तास दुसरीकडे कुठे मिळतो?

शहरात राहणाऱ्यांनी हिरमुसायचं कारण नाही. चंद्रावर ऊन पडलेलं असतं, म्हणून त्याला दिवसासारखंच मोजायचं: आयएसओ १००, एफ ८, सेकंदाचा अडीचशेवा भाग. मात्र पूर्ण चंद्रापेक्षा अष्टमीचा चंद्र निवडा, कारण उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. गच्चीवरून ५० मिमीच्या लेन्सने, एफ २ला, चार-पाच सेकंदांचे वीसेक फोटो मृगातल्या तेजोमेघाचे काढा आणि सीक्वेटर किंवा सिरिलमध्ये एकावर एक रचा. सोळा फोटो रचले की दाणेदारपणा चौथ्या हिश्शावर येतो. मुंबईच्या उजेडातही तिकांड्याखालचा तो धूसर गुलाबी ठिपका हाती लागतो.

घरी आल्यावर फोटो फार रंगवू नका. उजेड थोडा वाढवा, काळोख थोडा गडद करा, तेवढं पुरे. एका ठिकाणच्या जमिनीवर दुसऱ्या ठिकाणचं आकाश चिकटवलेलं मला मान्य नाही. ज्या जागी तुम्ही रात्रभर बसला होतात ती जागा फोटोत असली पाहिजे, नाहीतर बसलात कशाला? आणि साधनं कमी पडतात असं वाटलं तर जुने लोक आठवा. १८५०मध्ये हार्वर्डच्या १५ इंची दुर्बिणीतून अभिजित ताऱ्याचा फोटो काढला, तो सूर्याव्यतिरिक्त कुठल्याही ताऱ्याचा पहिला फोटो. एका ठिपक्यासाठी साधारण शंभर सेकंद लागले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी २२ जानेवारी १८९८चं खग्रास सूर्यग्रहण सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून टिपलं. आपल्या माळरानांवर आकाशाचे फोटो तेव्हापासून निघत आहेत.

एक वही ठेवा. तारीख, तिथी, वेळ, सेकंद, आयएसओ, हवा कशी होती, काय ऐकू आलं. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. जानेवारीच्या मध्यावर रात्री नऊला एखाद्या झाडाच्या शेंड्यावर असलेला मृग फेब्रुवारीच्या मध्यावर सातलाच तिथे असतो. तेच झाड, तीच वेळ, दर महिन्याला एक फोटो असं वर्षभर केलंत तर वर्ष फिरताना दिसतं. पावसाळ्याचे चार महिने जुन्या फाइली नीट लावण्यात आणि पुढच्या मोसमाची आखणी करण्यात जाऊ द्या. सुरुवातीला शिकवणारं कुणी हवं असेल तर मुंबईचं खगोल मंडळ आणि पुण्याची, १९४४ सालची ज्योतिर्विद्या परिसंस्था यांचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम गाठा. तिथे दुर्बिणीतून पाहायला मिळतं आणि सोबतीही मिळतात.

तुमच्या माळरानावर दर वर्षी उजेड वाढतो आहे हे फोटोंतूनच पहिल्यांदा कळेल. क्षितिजाकडचा नारिंगी डाग वर चढताना दिसेल. यावर करता येण्यासारखं पुष्कळ आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यासाठी सिल्लारी, खापा यांसारख्या आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड जमिनीकडे वळवला गेला. गावं अंधारात गेली नाहीत, फक्त वर वाया जाणारा उजेड थांबला. तुमच्या नेहमीच्या जागेजवळच्या ग्रामपंचायतीत तुमचे फोटो घेऊन जा, पहिल्या वर्षीचा आणि आताचा शेजारी शेजारी ठेवा, आणि दिव्यांना वरून झाकण बसवता येईल का ते विचारा. सुरुवात स्वतःच्या अंगणातल्या दिव्यापासून करता येते. त्याला पत्र्याची एक टोपी पुरते.